अकरावा पूल

बायोडेटातून मी पहिला पूल खोडला आणि तो नदीवरूनही गेला. धाकट्या भावाचा, विलासचा, सांगलीकडच्या आमच्या गावाहून फोन आला.

"दादा, बोरवाडीचा पूल नाहीये."

"पडला?"

"पडला असता तर दगड दिसले असते. नाहीये. लोक होडीनं जातायत. नावं मात्र तुलाच ठेवतायत."

टोरंटोला येताना मी बांधकाम खात्यातली बावीस वर्षं आणि अकरा पूल घेऊन आलो होतो. इथे ते जड होतात. नोकरी-केंद्रातले देवस्थळी समजुतीनं सांगायचे, "साहेब, एवढं लिहिलंत तर गोदामात कोण ठेवील तुम्हाला? एकेक काढा." देवस्थळी पूर्वी सोलापुरात दंतवैद्य होते. त्यांनी तिथे बसवलेल्या सगळ्या कवळ्या एका दुपारी ऐन जेवणात नाहीशा झाल्या. "लोक सावरतात," ते म्हणाले.

मी एकेक काढत गेलो. दहावा गेला तेव्हा विलास म्हणाला, "आता आपल्या गावचाच राहिला. आईला दवाखान्यात न्यायला दुसरा रस्ता नाही, एवढं बघ."

पूल तयार झाला की भरलेले ट्रक वर उभे करतात आणि बांधणारा साहेब खाली उभा राहतो. गावच्या पुलाच्या वेळी आईही माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. डोक्यावर पदर घेतला होता, जणू तेवढ्यानं भागलं असतं.

इथे येऊन चौदा महिने झाले. शाळेच्या फॉर्मात वडिलांचं काम या रकान्यात माझी मुलगी 'घरी' असं लिहिते. आज गोदामवाले मला घ्यायला तयार आहेत. बायोडेटा तेवढा कोरा हवा.

देवस्थळींनी शेवटची ओळ निवडली. ती निळी झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, आई ऐकत नाही. पुलाच्या मधोमध पाट टाकून बसलीये."

"उठव तिला."

"उठत नाही. म्हणते, तेव्हा मी खाली उभी होते, आता वर बसते. त्याला म्हणावं, तुझं काम उरक."

देवस्थळींचं बोट बटणावर होतं. "साहेब, मागे रांग आहे."

"विलास, काय करतेय ती?"

"काही नाही. पुलावरून जाताना नदीत नाणं टाकते ना नेहमी, तसं टाकलंन आत्ता."

मी पाण्याचा आवाज ऐकायला थांबलो. देवस्थळीही थांबले. पूल मी बराच उंच बांधला होता.