मिशीखालचं पाणी

हिरामण पाण्याच्या पिंपात तोंड खुपसून उभा होता आणि संध्या त्याच्या मागे खरकटी भांडी घेऊन खोळंबली होती.

"अहो, काय करून ऱ्हायले सकाळच्या पारी? मला भांडी घासायचीत."

हिरामणने डोकं वर काढलं. डोळ्यांवर आणि नाकावर काळ्या रबराचा मास्क, आणि काचेच्या आत नाकाच्या शेंड्यापर्यंत साचलेलं पाणी. त्याने मास्क काढला, पाणी ओतून टाकलं आणि पट्टा आणखी ओढून पुन्हा तोंड घातलं. पाणी पुन्हा आलं. दर वेळी एकाच जागेवरून येत होतं, नाकाखालून.

"गळतो तर देऊन टाका त्या सरांला परत," संध्या म्हणाली.

"मास्क चांगला हाय," हिरामण म्हणाला. त्याने ओल्या मिशीवरून हात फिरवला.

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर हिरामणच्या बेंडकुळे घराण्याच्या तीन पिढ्या मासेमारीवर जगल्या होत्या. मासे धरता धरता कधी माणूसही शोधावा लागे. कुणी बुडालं की पोलीसपाटलाचा फोन बेंडकुळ्यांकडेच यायचा. हिरामणचा बाप चिमाजी उघड्या डोळ्यांनी आणि कोंडलेल्या श्वासावर बुडी मारायचा. हिरामणच्या वाट्याला मात्र हवेची टाकी आली होती. शहरातल्या एका संस्थेने गावातल्या पोहणाऱ्यांना पाण्याखाली श्वास घ्यायचं शिक्षण दिलं. शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले ललित सर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी हिरामणकडे बघितलं आणि हसले.

हसण्यासारखी गोष्ट होतीच. हिरामणची मिशी अशी होती की गिरणाऱ्याच्या बाजारात आधी ती पोचायची आणि मग हिरामण. पुराच्या वर्षी पेपरात त्याचा फोटो आला, त्यातही वाचवलेल्या म्हातारीपेक्षा मिशीच ठळक दिसत होती. तो फोटो त्याने चौकटीत बसवून भिंतीला लावला होता.

"हिरामण, मिशी काढावी लागेल," सर म्हणाले. "रबर कातडीला चिकटलं पाहिजे. मध्ये केस आले की पाणी येणारच."

"सर, बाप जिता हाय माझा."

बाप गेल्यावरच मिशीला वस्तरा लागतो, हे सरांनाही ठाऊक होतं. आजूबाजूच्यांनीही माना हलवल्या. असा लेक मिळायला भाग्य लागतं, असंही कुणी तरी म्हणालं. मग सरांनी व्हॅसलीन लावायला सांगितलं आणि पाणी आलंच तर मास्कची वरची कड दाबून नाकाने जोरात फुंकायचं, म्हणजे ते खालून निघून जातं, हेही शिकवलं. पण निघताना ते पुन्हा म्हणाले, "हे सगळे तात्पुरते उपाय आहेत बरं का."

खरी गोष्ट अशी की चिमाजी मिशीबद्दल कधी एक अक्षर बोलला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हिरामणला मिशी आवडत होती, एवढंच. पण तसं चारचौघांत सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्याने बापाला पुढे केलं होतं.

आणि मग सुनीलचा फोन आला. म्हणजे सुनीलच्या भावाचा.

सुनील पलीकडच्या गावचा. शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी, पंप दुरुस्त करायचा. धरणातून द्राक्षबागेला पाणी उचलणाऱ्या पाईपाचं तोंड गाळाने चोंदलं, म्हणून तो पाना घेऊन बुडी मारून खाली गेला तो वर आलाच नाही. हिरामण पोचला तेव्हा सुनीलची बायको मोहिनी काठावरच्या दगडावर बसली होती. मांडीवर नवऱ्याचा शर्ट होता, नीट घडी केलेला. ती रडत नव्हती. तिने हिरामणच्या पाठीवरच्या टाकीकडे बघितलं आणि हात जोडले.

खाली पाणी गढूळ होतं. पाईप धरून हिरामण उतरला. मास्क भरायला लागला तसं त्याने फुंकून पाणी काढलं. तो पुन्हा भरला. पुन्हा फुंकलं. नाकात पाणी गेलं, ठसका आला, डोळे चुरचुरायला लागले. शेवटी तो डोळे मिटून हातानेच चाचपत राहिला. पाईपाच्या तोंडापाशी गाळात त्याच्या बोटांना लोखंड लागलं. चपटं, गार, टोकाला दोन बोटं जातील एवढी खाच. पंपाचंच काही असेल, असं त्याला वाटलं. म्हणजे त्याने तसं वाटून घेतलं. हात आणखी वीतभर पुढे घालायला हवा होता. पण नाकातोंडात पाणी जात होतं आणि त्याला वर यायचं होतं.

"पाईपापाशी नाय," वर येऊन तो म्हणाला.

बेंडकुळ्याने नाही म्हटल्यावर तिथे पुन्हा कोण बघणार? सगळ्या होड्या खोल पाण्याकडे गेल्या. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनील आपणहून वर आला, अगदी पाईपाला लागून. हिरामणनेच त्याला होडीत घेतलं. त्याच्या उजव्या मनगटाला नाडा होता आणि नाड्याला पाना लटकत होता. पाण्यात निसटू नये म्हणून बांधलेला.

तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं. धरणात मासे असतात. जाणत्यांनी चादर घट्ट बांधून टाकली. आदल्या दिवशी न रडलेली मोहिनी तेव्हा मात्र ओरडली, "एकदा दाखवा वो! एकदाच दाखवा!" दिराने तिला धरून ठेवलं. लोक म्हणाले, प्रवाहाने फिरवून परत जागेवर आणला. हिरामणने मान हलवली. ती हलवलेली मान त्याला आता झोपू देत नव्हती. जेवताना, जाळं विणताना बोटांना तीच खाच लागल्यासारखी वाटायची.

संध्याला पिंप मोकळं करून देऊन त्याने मास्क उचलला आणि ओसरीवर खाटेवर बसलेल्या बापासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, मिशी काढू का?"

चिमाजीने तंबाखू मळता मळता वर बघितलं. "काहून? मी मेलो का?"

"नाय. मास्कात पाणी शिरतंय."

"मिशीपायी?"

"हां."

"मंग काढ ना. पाण्यात उतरणाऱ्यानं पाण्याचं ऐकावं." चिमाजी तंबाखू तोंडात टाकणार होता, पण त्याचा हात थांबला. पोरगा रडकुंडीला आलेला त्याला दिसला असावा. "सुनीलच्या टायमाला बी शिरत होतं?"

हिरामण हातातल्या मास्कचा पट्टा ओढत राहिला.

"आधी का नाय इचारलं रे मला?" म्हातारा हळूच म्हणाला.

हिरामणला खाली बसावंसं वाटलं. एवढ्या एका प्रश्नाचं काम होतं. तो विचारायला त्याला एक माणूस जावा लागला होता.

आरसा चिमाजीनेच धरला. शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. मिशी गेली तसा हिरामणचा चेहरा कुणा दुसऱ्याचाच दिसायला लागला. त्याने मास्क लावून पिंपात तोंड घातलं. एक थेंब आत आला नाही. पिंपाच्या तळाला पडलेला ॲल्युमिनियमचा पेला लख्ख दिसत होता. तो बघताना त्याला स्वतःची शिसारी आली.

दुपारी तो होडीने पलीकडे गेला. काठावर भेटलेल्या दोघांनी त्याचा उघडा ओठ बघून हात जोडले आणि "म्हातारा कधी गेला?" म्हणून विचारलं. मोहिनी दारात गहू निवडत होती. तिनेही तेच विचारलं.

"बाबा गेले का तुमचे?"

"नाय. बाबा हायेत."

"मंग हे?"

हिरामण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि त्याने सांगितलं. मिशीचं, मास्कमधल्या पाण्याचं, हाताला लागलेल्या लोखंडाचं. "मी म्हनलो तिथं नाय. पण ते तिथंच होते, वहिनी. त्याच दिवशी वर आणले असते तर तुम्हाला तोंड दिसलं असतं." माफ करा म्हणायचं त्याने होडीत ठरवलं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. तिच्याकडे काही मागायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं.

मोहिनीने सूप खाली ठेवलं. ती उठून आत गेली. आता ती दार लावून घेईल, असं त्याला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाना होता. नाडा तसाच होता.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

त्याने मिटले. तिने पाना त्याच्या हातात ठेवला.

"हाताला लागलं ते हेच का? नीट चाचपून सांगा."

हिरामणची बोटं त्या चपट्या लोखंडावरून सरकत टोकाच्या खाचेत गेली.

"हेच," तो म्हणाला.

मोहिनीने पाना त्याच्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला आणि आत जाऊन खुंटीवर, सुनीलच्या शर्टाशेजारी अडकवला. मग ती परत येऊन सुपापाशी बसली आणि गव्हातले खडे काढायला लागली. हिरामण दारात उभाच होता. धरणावरून वारा येत होता आणि त्याच्या उघड्या ओठाला गार लागत होता.