मंजुश्रीच्या लग्नातली पितळी बादली

मित्रांनो, उंद्री गावात विहाराच्या मागे एक छोटी खोली आहे. वस्तीची लग्नाची भांडी तिथे ठेवतात. दार उघडलंत की समोरच्या मांडणीवर, स्टीलच्या चकचकीत बादल्यांच्याही वर, एक पितळी बादली पालथी घातलेली दिसेल. तिच्या काठाला पोचा आहे आणि कडी थोडी वाकडी आहे. तीच मी. आज मला काही काम नाही. तेव्हा बसा जरा, तुम्हाला माझी हकिकत सांगते.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. पितळेचा पत्रा तापवून आणि ठोकून त्याने मला घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर माशाच्या खवल्यांसारख्या दिसतात. त्या काळी इथल्या बौद्ध वस्तीत लग्न निघालं, तर वापरायला भांडी कोणी देत नसे. मग वस्तीतल्या माणसांनी मजुरीतून थोडं थोडं बाजूला ठेवून स्वतःची भांडी घेतली. कढया आल्या, पराती आल्या, आणि वरण वाढायला मी आले. ज्या दिवशी मला बैलगाडीतून गावात आणलं, त्या दिवशी बाया मला हात लावून लावून पाहत होत्या. मला तेव्हा वाटलं, मी सोन्याचीच असेन!

त्या बायांमध्ये एक तरुण सून होती, अन्नपूर्णाबाई. लहानपणी तिने दुसऱ्यांच्या पंगती लांबून पाहिल्या होत्या. तिच्या माणसांना एका कडेला बसवत, आणि वाढणारा उभ्यानेच वरून अन्न टाकी. त्यामुळे आमच्या मांडवात वाढपाची सगळी जबाबदारी तिने आपल्याकडे घेतली. कोणी पोरगा मला हातात घेऊन ताठ उभा राहून वाढू लागला की ती लांबूनच ओरडायची, "वाक ना बावा! समोर मानूस बसला हाय, डबडं नाई ठेवलं!"

मग तो पोरगा वाकायचा, आणि मी पत्रावळीच्या अगदी जवळ जायची. मित्रांनो, इतक्या जवळून माणसाचा चेहरा फार छान दिसतो. कोणाला आणखी हवं आहे पण मागायची लाज वाटते, कोणाला तिखट लागलं, कोणाला दात नसल्यामुळे पातळ वरण हवं, हे सगळं मला तिथून कळायचं. मला ते काम मनापासून आवडायचं.

पुढे दिवस बदलले. स्टीलच्या हलक्या बादल्या आल्या. त्यानंतर उभ्याने जेवायची पद्धत आली. लोक हातात प्लेट घेऊन रांगेत उभे राहू लागले आणि मी मांडणीवर गेले. माझ्या आतली कल्हई उडाली. एका कोळ्याने माझ्या कडीला जाळं बांधलं. खोलीचं दार उघडलं की मी आशेने पाहायची, पण हात दुसऱ्याच भांड्याकडे जायचा. अन्नपूर्णाबाई तेवढी कधीमधी यायची, माझ्यावरची धूळ पदराने पुसायची आणि निघून जायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग मंजुश्रीचं लग्न ठरलं.

मंजुश्री ही माणिकराव आणि पंचफुलाबाईंची मुलगी. ती दवाखान्यात नर्स आहे. नवरदेव प्रसेनजित नांदुऱ्याचा. जेवणाचा विषय निघाला तेव्हा मंजुश्रीने वडिलांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, मले पंगत पायजे. म्हातारे मानसं एका हातात पलेट धरतात, एका हातात काठी धरतात. जेवावं कोन्या हातानं त्यायनं?"

माणिकराव हसले. "मंग वाढीन कोन?"

"तुमीच वाढा. मी बी वाढतो," मंजुश्री म्हणाली.

झालं! मला मांडणीवरून खाली काढलं. कल्हईवाल्याने मला निखाऱ्यावर तापवलं, नवसागर टाकला आणि कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवलं. पांढरा धूर निघाला आणि माझं पोट चांदीसारखं उजळलं. अन्नपूर्णाबाई आता चांगली म्हातारी झाली होती. तिने माझ्या आत डोकावून पाहिलं. तिला तिचा चेहरा दिसला असावा, कारण ती खुदकन हसली.

लग्न भर उन्हाळ्यातलं. विहारासमोर मांडव घातलेला. नांदुऱ्याहून वऱ्हाड एका मोठ्या बसने आलं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, पांढऱ्या साडीतल्या मंजुश्रीने प्रसेनजितच्या गळ्यात हार घातला, आणि लग्न लागलं. पहिली पंगत लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची झाली. बसच्या ड्रायव्हरलाही अन्नपूर्णाबाईने त्यातच बसवलं. दुसरी पंगत वऱ्हाडातल्या मानाच्या मंडळींची होती. बसायच्या पट्ट्या टाकून झाल्या होत्या. माणिकरावांनी मला वरणाने भरून उचललं.

तेवढ्यात रस्त्यावर मोठा आवाज झाला.

विहार रस्त्याला लागूनच आहे. एक जुनी मिनीबस तिरकी होऊन थांबली होती. तिचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला होता. तिच्यातून हिरवे, जांभळे भरजरी कपडे घातलेल्या बाया उतरल्या, घामाघूम झालेली पोरं उतरली, आणि गळ्यात फुलांचे हार घातलेला एक नवरदेवही उतरला. पिंपळगाव राजा या गावाहून ती बारात चिखलीला निकाहसाठी निघाली होती. सगळे रस्त्याच्या कडेला एका बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहिले.

माणिकरावांनी मला खाली ठेवलं नाही. मला हातात घेऊनच ते रस्त्यावर गेले.

"या ना जी. उन्हात काऊन हुभे? मांडवात बसा."

बारातीतल्या नवरदेवाचे वडील पुढे आले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्यांचं नाव गुलाम रसूल. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या घरी लग्न हाय. आमी बिनबोलावलेले. पानी द्या फक्त, लय मेहरबानी होईल."

"पानी तर देतोच. लेकरं सकायपासून उपाशी दिसतात."

"तिकडं आमच्यासाठी खाना बनवून ठेवला हाय. आमी इथं जेवलो तर त्यायचं मन दुखीन."

मला तो माणूस फार आवडला. जिथे अजून पोचलाच नव्हता, त्या यजमानांचीही त्याला काळजी होती.

पण गुलाम रसूल यांची बायको नसीमाबी कडेवर नातीला घेऊन उभी होती. त्या पोरीने माझ्याकडे, म्हणजे माझ्यातल्या वरणाकडे, बोट दाखवलं आणि ती रडायला लागली. तिच्या मागे तिची आई महनूर उभी होती, नवरदेवाची बहीण. तिचे दिवस भरत आले होते. ती बाभळीला टेकून कशीबशी उभी होती.

"मोठे मानसं तिकडं जेवा," माणिकराव म्हणाले. "लेकरं आन् हे पोरगी इथं जेवतीन. आता याच्यावर बोलू नका."

असं म्हणून ते वळले. मांडवात फक्त एकच पंगत मांडलेली होती, मानाच्या मंडळींची. माणिकरावांनी तिचा अर्धा भाग त्या मुलांना आणि बायांना दिला. महनूरला खांबाशी टेकून बसवलं. वऱ्हाडातली काही माणसं, ज्यांना आता बसायचं होतं, ती उभी राहिली. आणि मी आधी त्या परक्या मुलांना वाढू लागले.

मित्रांनो, यजमान चुकला होता का? मी तेव्हा ठरवू शकले नाही. वऱ्हाड लांबून आलेलं, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. आणि दारातल्या उपाशी लेकरासमोर दुसऱ्याला वाढणं, तेही मला जमलं नसतं.

प्रसेनजितचे मामा पंजाबराव पंगतीच्या टोकाला बसले होते. रांगडा, मोठ्या आवाजाचा माणूस. नांदुऱ्याची बस त्यांनीच ठरवली होती. माणिकराव मला घेऊन त्यांच्यापुढे वाकले, तेव्हा त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"राहू द्या."

"घ्या ना मामा, काऊन राहू द्या?"

"आमचे मानसं हुभे हायेत. ते बसल्याबिगर मी जेवत नाई."

बाकीच्या वाढप्यांचेही हात थांबले. मुलीच्या लग्नात वऱ्हाडातल्या मोठ्या माणसाने पानावर हात धरला, याचा अर्थ सगळ्यांना कळतो. उद्या ही गोष्ट नांदुऱ्याला जाणार, आणि मंजुश्रीला ती कितीतरी वर्षं ऐकावी लागणार. माणिकरावांनी पोरांकडे वळून पाहिलं. पण त्यांनी त्या पोरांना उठा म्हटलं नाही. तसेच वाकलेले उभे राहिले.

तिकडे गुलाम रसूल फोनवर बोलत होते. लग्नांची मोठी तिथी होती. चिखलीला, खामगावला, कुठेच रिकामी गाडी मिळेना. पाटा बदलायला संध्याकाळ होणार होती. तिकडे काजी खोळंबले होते. आणि नांदुऱ्याची मोठी बस लिंबाखाली रिकामी उभी होती. ती सगळ्यांनाच दिसत होती, पण मागणार कोण? मुलीच्या बापाने लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाकडे काही मागू नये, अशी आपल्याकडची रीत. त्यातून मामा रुसलेले.

तेव्हा मंजुश्री उठली. प्रसेनजितशेजारची खुर्ची सोडून ती सरळ पंगतीत आली आणि पंजाबरावांसमोर जमिनीवर बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "तुमच्या घरची झाल्यावर मी पयल्यांदा काही मागून राह्यली. मागू का?"

पंजाबरावांनी मान हलवली. पत्रावळीवरचा हात मात्र तसाच होता.

"आपली बस त्यायले चिखलीपर्यंत द्या. त्या पोरगीचे पाय सुजले हायेत, मी पाह्यले. आन् तिकडं एक नवरी माह्यासारखीच वाट पाहत बसली असन."

पंचफुलाबाई विहाराच्या दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. पंजाबरावांनी एकदा मंजुश्रीकडे पाहिलं. मग खांबाशी बसलेल्या महनूरकडे पाहिलं. नसीमाबीची नात दोन्ही हातांनी वरणभात खात होती, नाकाला शीत चिकटलेलं.

"डायवर जेवला काय?" पंजाबरावांनी विचारलं.

"पयल्याच पंगतीत," अन्नपूर्णाबाई मागून म्हणाली.

"मंग त्याले म्हना, गाडी लाव. मी बी जातो संगं. नाई तर तो रस्त्यात कटकट करन." आणि पत्रावळीवरचा हात काढून त्यांनी आपल्या व्याह्याला हाक मारली. "वाढा इवाई. दोन घास खातो आन् निंघतो."

मी इतक्या आनंदाने कधीच वाकले नव्हते!

बस गेली. उभी राहिलेली वऱ्हाडी मंडळी बसली आणि पंगतीमागून पंगती उठल्या. बस नसल्यामुळे वऱ्हाडाला थांबावं लागलं. थोडी कुरकुर झाली, पण मंडळी लिंबाखाली सतरंजीवर आडवी झाली, चहा आला, पत्त्यांचा डाव रंगला. पाहुण्यांना काही कमी पडलं नाही. मात्र शेवटच्या पंगतीला मी रिकामी झाले. कढईत भाजी राहिली नाही. परातीत तेवढ्या चार पोळ्या उरल्या होत्या. माणिकराव, पंचफुलाबाई आणि अन्नपूर्णाबाई अजून जेवलेच नव्हते, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. पंचफुलाबाईंनी मला विसळलं आणि त्या ओसरीवर बसून पाणी प्यायल्या.

ऊन उतरलं तेव्हा बस परत आली. पंजाबराव उतरले तेच ओरडत, "इवाई! भांडं आना एखादं!"

त्यांच्या हातात मोठा डबा होता, झाकणाला फडकं बांधलेलं. चिखलीच्या लोकांनी जर्दा पाठवला होता, केशरी गोड भात, वर काजू आणि खोबऱ्याचे काप. निकाह वेळेवर लागला होता.

"मले त्यायनं नवरदेवाच्या बापाजवळ बसवलं," पंजाबराव सांगत होते. "मी म्हनलं, मी त डायवरसंगं आलो. ते म्हनतात, आज तुमीच आमचे मोठे पाहुने."

डबा माझ्यात रिकामा झाला. मित्रांनो, इतकी वर्षं मी वरण पाहिलं, कढी पाहिली, पण केशराचा वास मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

पंचफुलाबाई मला उचलायला पुढे झाल्या. वऱ्हाडाला वाढायचं, हेच त्यांच्या मनात. पंजाबरावांनी विचारलं, "तुमी जेवल्या काय, इवाईन?"

त्यांनी वाकून माझी कडी धरली.

"आन् इवाई?"

माणिकराव म्हणाले, "जेवू ना आमी. काय घाई हाय?"

पंजाबरावांनी पट्टी अंथरली. माणिकरावांना दंडाला धरून बसवलं, शेजारी पंचफुलाबाई, त्यांच्या शेजारी अन्नपूर्णाबाई. मंजुश्रीने पत्रावळी मांडल्या आणि उरलेल्या पोळ्या वाढल्या. नवरदेवाच्या मामाने मला उचललं. त्यांना वाढायची सवय नव्हती. पहिला डावभर जर्दा त्यांनी माणिकरावांच्या पत्रावळीबाहेरच सांडला आणि सगळं वऱ्हाड हसलं. माणिकरावही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मुलगी सासरी निघायची होती, त्याचं ते पाणी असेल. मला वाटतं, तेवढ्याचंच नव्हतं.

पंचफुलाबाईंनी दुसऱ्यांदा जर्दा मागून घेतला.

त्या लग्नानंतर वस्तीत आणखी काही पंगती झाल्या आणि मला पुन्हा काम मिळालं. मी सुखात आहे. तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. लग्नाला गेलात की हात धुऊन लगेच गाडीकडे पळू नका. मांडवाच्या मागे एकदा डोकावा. तिथे सकाळपासून कोणीतरी उभं असेल आणि विचारलं तर "जेवू ना आम्ही" म्हणेल. त्याचं ऐकू नका. त्याला बसवा आणि स्वतः वाढा. आणि सगळं झालं की मला घासून, पुसून, अगदी कोरडी करून ठेवा. ओली राहिले की मी हिरवी पडते.