लाडकीने ऊब दिलेली चकती

बोईसरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. १९८९ साल. ताटातून पांढरा गार धूर उतू चाललेला, धुरात काळी चकती आणि तिच्यावर अधांतरी तरंगणारा खडा. खड्याखालून दोरा फिरवला तरी अडत नव्हता.

"कैलासाची थंडी हाय ही!" हिमनाथबाबा गरजला. "डॉक्टरची गोळी नि माझी शिळा एका घरात नांदत नाय!"

त्याचं हेच बोलणं आधी ऐकून लाडकीने नवऱ्याच्या, झिपरूच्या, क्षयाच्या गोळ्या तीन आठवडे बंद ठेवलेल्या. आता खोकल्यात रक्त येत होतं. लाडकी माझ्या खानावळीत भाकऱ्या थापते. सांगून माझा घसा बसला. त्या दिवशी शिळा, म्हणजे ती काळी चकती, झिपरूसाठी तिच्या घरी मुक्कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी मैदानात धूर उठला, पण शिळेवर खडा तरंगेना.

"तुझं पाप!" बाबा लाडकीवर धावला. "नवरा हातचा गेला!"

ती मटकन खाली बसली. माझ्याकडे जेवणारे कॉलेजातले रामनाथ सर मी ओढतच आणले होते. त्यांनी विचारलं, "लाडकीबाई, शिळेला काय केलंत?"

"देव सारखा गारठ्यात बसतो, सर. रातभर चुलीतल्या निखाऱ्यात ठेवला. ऊब नको त्याला?"

मला हसू आलं, आणि रडूही.

सरांनी खिशातून तशीच चकती काढली, बाबाच्याच थर्मासमधला द्रव नायट्रोजन, त्या गार धुराचं मूळ, तिच्यावर ओतला आणि बाबाचाच खडा वर ठेवला. खडा तरंगला!

"आता मी पण बाबा का? खडा म्हणजे चुंबक; ही चकती अतिगार झाली की त्याला वर उचलून धरते. कॉलेजात पोरं बनवतात ही. हे महाराज पूर्वी प्रयोगशाळेत बाटल्या धूत."

"मग माझ्या घरून आलेल्या शिळेवर का नाय तरंगत?" लाडकीने विचारलं.

"निखाऱ्यात तिच्यातला थोडा प्राणवायू गेला, कणांची मांडणी बदलली. काही धातूंत हायड्रोजन कोंबूनही असा गुण आणतात, तिथेही मांडणीच ठरवते."

मी दातिवऱ्याची, कोळ्यांच्या गावची. म्हटलं, "लाडके, सूत तेवढंच, पण गाठी सुटल्या तर जाळ्यात मासा राहील?"

"म्हंजी माझं पाप नाय?"

"नाय गं."

ती उठली. "मग गोळ्या!"

बाबा कधी सटकला, कोणी पाहिलं नाही. आम्ही झिपरूला रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यापासून सुरू करू. उशीर झालाय. खात्री देत नाही."

लाडकी अजून त्याच्या खाटेशी बसलेली असते, हातात गोळी आणि पाण्याचा पेला. बायांनो, तरंगणारा खडा जरूर बघा, तो खराच तरंगतो. पण कशाने, ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत घरातली गोळी बंद करू नका.