खासदारबाईंचं कुंकू

शनिवारी सकाळपासून अनसूयाबाई तिळाच्या वड्या थापत होत्या. मेधाच्या घरातला पोळपाट लहान पडत होता, म्हणून त्यांनी ओव्हनमधला मोठा ट्रे उलटा घालून त्याला तूप लावलं होतं. गूळ आयर्लंडातल्या लिमरिकच्या दुकानातला, त्याला कऱ्हाडच्या गुळाची सर नाही, ही कुरकुर दोन दिवस चालली होती. पण पाक साधला होता. दुपारी मेधाकडे मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गॉलवेपासून शॅननपर्यंतच्या तीसेक बायका येणार होत्या आणि शंभर वड्या तरी लागणार होत्या.

मेधा त्यांची एकुलती एक लेक. ती आणि तिचा नवरा शिरीष शॅननजवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर होते, आणि एनिसमध्ये त्यांचं दुमजली घर होतं. तीन वर्षांपूर्वी मेधाचे वडील चंद्रहासराव गेले. तेव्हापासून ती आईला इकडे बोलावत होती. शेवटी त्या नोव्हेंबरात अनसूयाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. लेकीनं त्यांच्यासाठी वरची खोली सजवली, गरम पाण्याची पिशवी आणली, लोकरीचे मोजे आणले. मेधाचं आईवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. सगळा घोळ प्रेमानंच झाला.

आदल्या दिवशी विद्याचा फोन आला. विद्या पुण्याची, मंडळाची सेक्रेटरी आणि मेधाची जिवलग मैत्रीण. व्हॉट्सअ‍ॅपवर स्त्रियांच्या हक्कांविषयी सर्वांत लांब पोस्ट तिच्याच असतात. वाण, फोटो, पार्किंग असं सगळं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "आणि काकू कम्फर्टेबल असतील ना गं? म्हणजे आपल्याला काही नाही, पण उगाच त्यांनाच ऑकवर्ड व्हायला नको."

मेधा म्हणाली, बघते. रात्री जेवताना तिनं आईला सांगितलं, की खाली फार गर्दी होईल, गोंगाट होईल, तुला दगदग होईल. अनसूयाबाईंनी मान हलवली आणि ताटातली भाजी पुढे सारली. तीन वर्षांत त्यांना हे वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. लेकीच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

आता शेजारच्या मिसेस हॅलिननबद्दल सांगायला हवं. नोरा हॅलिनन, वय त्र्याऐंशी. अमेरिकेच्या संसदेत त्या पाच वेळा ओहायोमधून निवडून आल्या होत्या. म्हातारपणी सगळं विकून त्या आपल्या आईच्या गावी, एनिसला, येऊन राहिल्या. मंडळातल्या बायका त्यांना कौतुकानं खासदारबाई म्हणत. अनसूयाबाईंना त्यांच्या खासदारकीचं काही नव्हतं. रोज अकरा वाजता नोराबाई मागच्या दारानं येत, दोघी स्वयंपाकघरात चहा पीत. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. एक बटाटे सोलायची, दुसरी विणायची. नोराबाई विचारत, कशी आहेस, आणि अनसूयाबाई त्यांच्याकडूनच शिकलेला, 'मजेत' अशा अर्थाचा एकुलता एक शब्द परत करीत: "ग्रँड."

त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला पाहुण्या म्हणून खासदारबाईंना बोलवायचं, ही कल्पना विद्याची. ती सर्वांना पसंत पडली.

चार वाजता बायका जमल्या. पैठण्या, नथी, अंगावर जाड कोट आणि पायांत बूट. हॉल बोलण्यानं भरून गेला. विद्यानं नोराबाईंना मधल्या खुर्चीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं, गजरा माळला, पुण्याहून मागवलेली स्टीलची डबी वाण म्हणून दिली. मंडळातल्या चैत्रालीनं फोटो काढला आणि तो लगेच ग्रुपवर गेला.

नोराबाईंच्या यजमानांना जाऊन चाळीस वर्षं उलटली होती, आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. पण गोऱ्या कपाळाला कुंकू लावताना कोणाचा हात अडखळला नाही. रूढी म्हणावी, तर तीही माणूस पाहून सोयीनं वाकत होती.

खाली बायका वड्या खात होत्या. वड्या किती खुसखुशीत झाल्यात, कोणी केल्या, असं चाललं होतं. वर, जिन्याच्या टोकाच्या खोलीत, अनसूयाबाई पलंगाच्या कडेवर बसून ते ऐकत होत्या. दार त्यांनी बोटभर उघडं ठेवलं होतं. जानेवारीतला दिवस पाचच्या आतच मावळला, तरी त्यांनी दिवा लावला नाही. वर कोणी आहे हे खालून दिसू नये, म्हणून.

मग विद्यानं नोराबाईंना चार शब्द बोलायची विनंती केली. राजकारणात बाईनं पुढं कसं यावं, असं काहीतरी प्रेरणादायी तिला अपेक्षित होतं.

नोराबाई म्हणाल्या, मी पुढे आले नाही, मला पुढे ढकललं. माझा नवरा टॉम खासदार होता. कचेरीत टेबलावरच त्याचं हृदय थांबलं. आठ दिवसांनी पक्षाचे तीन पुरुष माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, टॉमच्या जागी तू उभी राहा, विधवेला मतं पडतात. मतदानापर्यंत काळेच कपडे घाल आणि फार बोलू नकोस. त्यांना माझं दुःख हवं होतं, मी नको होते. मी निवडून आले. शपथविधीनंतर दुसऱ्या दिवशी हिरवा कोट घालून सभागृहात गेले, तर लोकांची पोतंभर पत्रं आली, की बाईला लाज नाही.

बायका हसल्या. नोराबाईही हसल्या. पुढे त्यांनी सांगितलं, की कारखान्यातला कामगार मेला की त्याच्या बायकोचं पेन्शन बंद व्हायचं, ते चालू राहावं म्हणून त्या सात वर्षं झगडल्या. कायदा तिसऱ्या खेपेला झाला, तोही अर्धामुर्धा. सहाव्या निवडणुकीत त्या पडल्या.

"लोक विचारतात, कशाचा पश्चात्ताप होतो," त्या म्हणाल्या. "पडल्याचा होत नाही. शपथेच्या दिवशी मी माझ्या आईला हॉटेलच्या खोलीत ठेवलं, त्याचा होतो. ती याच गावातून अमेरिकेला गेली होती, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कचेऱ्या झाडत होती. तिचा कोट जुना होता, बोलणं इथलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, आईला दम लागतो, तिला गर्दी सोसत नाही. तिला काही झालं नव्हतं. तिनं त्या दिवसासाठी नवे हातमोजे घेतले होते. संध्याकाळी मी खोलीवर गेले, तेव्हा ते घालूनच ती बसली होती. वसंतात ती गेली. विधवांसाठी मी कायदा केला, आणि माझ्या घरातली विधवा माझ्याच्यानं खाली आणवली नाही."

नोराबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "मेधा, तुझी आई कुठे आहे? मी मघापासून तिला शोधतेय."

वाचकहो, हाच तो क्षण. पंधरा पायऱ्या चढून जायचं आणि हाताला धरून आणायचं, एवढंच काम होतं. मेधा उठलीसुद्धा. पण तीस जणींचे डोळे तिच्यावर लागले होते, विद्या वाणाच्या डब्यांकडे बघत होती, आणि वर्षानुवर्षांची भीती तिच्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडली: आईचं डोकं दुखतंय, ती झोपली आहे.

नोराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला, कपाळावरचं कुंकू पुसलं, आणि वाणाची डबी हलकेच टेबलावर ठेवून त्या मागच्या दारानं घरी गेल्या.

सहा वाजता शेवटची गाडी गेली. मेधानं करंडा उचलला आणि ती वर गेली. खोलीत अंधार होता. तिनं दिवा लावला, तेव्हा अनसूयाबाईंनी डोळे मिचकावले आणि विचारलं, "पुरल्या का गं वड्या?"

मेधाला रडू फुटलं. ती खाली बसली, करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं. "आई, माझं चुकलं. थांब, तुला लावते."

अनसूयाबाईंनी तिचं मनगट धरलं. धरण्यात राग नव्हता, पण हात हलूही दिला नाही.

"माझं डोकं कवा दुखलं गं?" त्या म्हणाल्या. "एवढं इंग्लिश कळतंय मला. खाली तीसजणी हुत्या, तवा लावायचं हुतंस. आता हितं कशापायी लावतीस? कुनी बघू नये म्हनून?"

मेधानं हात मागे घेतला. तिच्या बोटावरचं कुंकू तसंच वाळलं.

फेब्रुवारीत अनसूयाबाई परत गेल्या. निघताना नोराबाई फाटकापर्यंत आल्या, त्यांचे दोन्ही हात धरून कशी आहेस म्हणाल्या. अनसूयाबाई म्हणाल्या, "ग्रँड." मेधा फोनवर सांगत राहिली, की पुढच्या संक्रांतीला ये, तूच सगळ्यांना कुंकू लाव. आई बघू म्हणायची. भाद्रपदात एका सकाळी ती उठली नाही.

यंदा जानेवारीत मेधानं ग्रुपवर निरोप टाकला: "हळदीकुंकू माझ्याकडे आहे. नवरा असलेल्या, गेलेल्या, सोडलेल्या, न केलेल्या सगळ्या बायका या. कोणाच्या आई, सासूबाई इकडे आल्या असतील, तर त्यांना घेऊन या. त्या यायला तयार नसतील तर मी घरी येऊन घेऊन जाईन. गेल्या वर्षी माझ्या आईचं डोकं दुखत नव्हतं. मी खोटं बोलले होते."

चार जणी ग्रुप सोडून गेल्या. विद्यानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, "सासूबाईंना आणते." त्या आल्या, दारातच घुटमळल्या. मेधानं त्यांचा हात धरून त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांदेखत पहिलं कुंकू त्यांना लावलं. दुसरं नोराबाईंना. म्हातारीनं या वेळी ते पुसलं नाही.

वड्या मेधानं स्वतः केल्या होत्या. पाक बिघडला होता, वड्या दातांना चिकटत होत्या, आणि पुष्कळशा उरल्या. पुरल्या का, हे विचारायला वरच्या खोलीत आता कोणी नव्हतं.