न घेतलेलं समन्स

माझ्या भावाला वाटलं, समन्स म्हणजे सोयरिकीचा नारळ. आमच्यात मुलीकडच्यांनी नारळ हातात घेतला नाय की बोलणं मोडलं. पाव्हणे उठून जातात, कुणाचं काय अडत नाय. म्हणून कोर्टाचा बेलीफ दारात आला तेव्हा हिरामणदादानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आन म्हणाला, "आमी घेत नाय. जा घेऊन." बेलीफ भांडला नाय. त्यानं कागद दाराला चिकटवला, दोन शेजाऱ्यांचे अंगठे घेतले आन वाटेला लागला. दादानं तो कागद फाडून चुलीत घातला. मी त्या वेळी पोटरीभर चिखलात भात लावत होते. दावा माझ्यावर, आन मलाच पत्ता नाय!

दावा लावला होता माझ्या नवऱ्यानं, चौक गावच्या वाल्मिकनं. मला मूल होत नाय म्हणून त्यानं दुसरी आणली आन तिच्या बाळंतपणाची धुणी मला लावली. वर्षभर धुतली मी. एक दिवस पिळा तिथंच दगडावर टाकला आन चालत माहेरी आले. आन हा बाबा कोर्टात लिहून देतो, बायको विनाकारण निघून गेली, तिला नांदायला पाठवा. विनाकारण! लाज कशी वाटली नाय मेल्याला?

शिमग्याच्या आधी तो दोन माणसं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. हातात हुकूमनामा. "कोर्टानं सांगितलंय," म्हणाला. "पंधरा दिवसांनी न्यायला येतो. गाठोडं बांधून ठेव, नायतर पोलीस फरफटत आणतील."

दादाचं तोंड उतरलं. तेव्हा कुठं त्यानं चुलीतल्या कागदाचं सांगितलं.

"दादा, माझं वाटोळं केलंस रं तू!"

"मी तुझ्यासाठीच नाय म्हनलो गं, सुंदरे. पन आता सरकारचा हुकूम हाय. जावंच लागंल."

"बघते कोण नेतंय ते," म्हणाले मी. रात्रभर रडले, आन सकाळी कर्जतची वाट धरली.

दिघे वकिलांनी कोर्टातून कागद काढून बघितले. "समन्स नाकारलं तरी ते लागू होतं, बाई," ते म्हणाले. "तू आली नाहीस, म्हणून एकतर्फी निकाल झाला."

"मला पोलीस ओढून नेतील?"

"छे! या हुकुमानं बाईला धरून नेता येत नाही, तुरुंगातही टाकता येत नाही. फार तर जप्ती येईल. तुझ्या नावावर काय आहे?"

"दोन लुगडी."

"मग घरी जा आणि स्वस्थ बस."

स्वस्थ बस म्हणे! बसू कुठं? दादाच्याच घरात ना? आन दादा तर हुकूम मानून मोकळा झालेला. वाल्मिक आला की तोच माझं गाठोडं अंगणात ठेवणार. मी म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या पुस्तकात हा हुकूम दुबळा असंल. आमच्या घरात तो लई दांडगा हाय. तो मोडून द्या."

वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट बघितलं. मग सांगितलं. निकाल कळल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. कोर्टाला पटलं तर एकतर्फी निकाल रद्द होतो आन दावा पहिल्यापासून चालतो. गेल्याच साली, सेहेचाळीसात, नवा कायदा झालाय, नवऱ्यानं दुसरी आणली तर पहिलीला वेगळं राहायचा हक्क हाय. "पण आधी गैरहजर का राहिलीस त्याचं सबळ कारण लागेल. तापानं अंथरुणाला खिळली होतीस, असं म्हणू."

"मला ताप नव्हता. मी शेतात होते. कागदाचं भावानं सांगितलं नाय."

"मग भर कोर्टात भावाचं नाव निघेल."

"निघू दे."

कोर्टात अर्ज पडला म्हणून वाल्मिक न्यायला आला नाय. तारखेला दादा माझ्यासंगं आला. सगळी वाट एकच धोशा. "तापाचं सांग गं. माझी अब्रू ठेव." मी पुढं चालत राहिले. अब्रू काय त्याला एकट्यालाच हाय?

पिंजऱ्यात उभी राहिले. जज्जसाहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नायत. कारकून थांबला, कुणीतरी दुसरं सांगंल म्हणून. "वाल्मिक," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मागं बसलेली माणसं कुजबुजली. कुजबुजू देत मेली!

वाल्मिकचा वकील उठला. "समन्स तुझ्या राहत्या घराला लावलं. शेजाऱ्यांनी बघितलं. तुला ठाऊक होतं!"

"नव्हतं. घरात भाऊ होता. त्यानं कागद जाळला आन मला सांगितलं नाय."

"साफ खोटं!"

साहेबांनी विचारलं, "भाऊ आला आहे का?"

दादा उठला. त्याला शपथ दिली. 'तिला सांगितलं व्हतं,' एवढंच तो बोलला असता तर मी मेलेच होते, आन त्याची अब्रू शाबूत. त्यानं पागोट्याच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"जाळला, साहेब. तिला बोललो नाय."

"का?"

"मी घरचा कर्ता. वाटलं, माझ्या दारात आलेला कागद माझाच."

साहेबांनी एकतर्फी निकाल रद्द केला, माझी बाजू लिहून, म्हणजे कैफियत, द्यायला वैशाखातली तारीख दिली. बाहेर पिंपळाखाली वाल्मिक आडवा आला. "पुढल्या तारखेला हरशीलच!"

"तवाचं तवा बघू," मी म्हणाले. "हरले तरी हजर राहून हरीन. चल, वाट सोड."

घरी पोचलो तर चिमावहिनी दारातच उभी होती. तिनं मला नाय, त्याला विचारलं, "काय ठरलं? हिला धाडायचं का ठेवायचं?"

दादानं पागोटं खुंटीला लावलं. "तिला इचार," म्हणाला. "दावा तिचा हाय."

वहिनी माझ्याकडं बघायला लागली. "मी कुठं जात नाय," मी म्हणाले, आन पाय धुवायला पाणी घेतलं.