वळूला डॉक्टर, मालकाला पुडी

गेल्या उन्हाळ्यात देवणीच्या विरूपाक्षचा वळू आठ दिवस गाईवर चढेना, तेव्हा त्यानं अख्ख्या गावाला सांगितलं. टपरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं, उदगीरहून जनावरांचा डॉक्टर बोलावला. रक्त तपासलं, पेंड बदलली, मागच्या खुरात जखम सापडली. कुणी हसलं नाही. मुक्या जिवाची काय चूक?

स्वतःचं मात्र लग्नानंतर सहा महिन्यांतच बिनसलं, ते दोन वर्षं जमेना. हे कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. रात्री भिंतीकडं तोंड करून पडायचा, सकाळी मिशीला पीळ देऊन गोठ्यात जायचा. बाप्याची जातच अशी. गुडघा दुखला की गावभर लंगडतो, हे दुखलं की मुका होतो.

मूल नाही म्हणून त्याच्या आईनं, गुरम्मानं, सुनेला तपासायला काढलं. शिवकन्येच्या तीन सोनोग्राफ्या झाल्या, सोळा सोमवार झाले. विरूपाक्ष तिला गाडीवर बसवून न्यायचा आणि दवाखान्याबाहेर शेंगा फोडत बसायचा. आत काही निघणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी नेत राहिला, हरामखोर.

चोरून तो नांदेडला एका लॉजवर जायचा. तिथं दर गुरुवारी एक खानदानी वैद्य बसायचा. नाडीही न धरता म्हणायचा, "बचपन की गलती, पहिलवान," आणि पुडी हातावर ठेवायचा. पुडी खाल्ली की छातीत धडधडायचं. बाकी सगळं निवांत.

पेंडीच्या पोत्याआड त्या पुड्या शिवकन्येला सापडल्या.

"अहो, हे काय?"

"वळूचं औषध हाय."

"वळूला डॉक्टरनं सुई दिली होती. पुडी न्हाई." तिनं पुड्या त्याच्या पुढ्यात टाकल्या. "तुमच्यापरीस वळू शहाणा. त्यानं निदान तपासू तरी दिलं."

तिनंच त्याला लातूरला नेलं. डॉक्टरनं विचारलं, पायाला मुंग्या येतात का, लघवीला किती वेळा उठता. रक्त घेतलं. साखर तीनशे अठरा.

"मर्दानगी-बिर्दानगी कुठं गेली नाही," डॉक्टर म्हणाला. "साखरेनं नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, तिथं रक्त पोचत नाही. तुमच्यासारखे रोज येतात. त्या पुड्या आधी फेका. साखर ताब्यात आणू, मग गोळीचं बघू. पुष्कळांना फरक पडतो."

"हिचं काही तपासायचं का?" विरूपाक्षनं विचारलं. सवय.

"त्यांचं कशाला?"

परत आले, तर घरात बैठक भरलेली. विरूपाक्षचे मामा चन्नबसप्पा लोडाला टेकून बसलेले. शिवकन्येचा बाप, संगमेश्वर, उंबऱ्याशी हात जोडून. ठरून गेलं होतं : पोरीला माहेरी धाडायची, दुसरी बघायची.

"भाकड गाय किती दिस दावणीला ठेवायची?" मामा म्हणाले.

विरूपाक्षच्या खिशात कागद होता. त्यानं तो काढून आईपुढं धरला.

"अव्वा, मला शुगर हाय."

"अग बाई!" गुरम्मा म्हणाली. "सूनबाई, ह्याचा चहा बिनसाखरेचा कर."

शिवकन्या जागची हलली नाही.

"पुढचं बोला," ती म्हणाली. "वळूचं कसं गावभर सांगितलं, तसं."

त्यानं मामाकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग सासऱ्याच्या जोडलेल्या हातांवर नजर गेली. तो म्हातारा कशाची माफी मागत होता?

"खोट माझ्यात हाय," विरूपाक्ष म्हणाला. "दोन वर्षं मी हिच्याजवळ गेलो न्हाई. जमतच नव्हतं. हिला उगीच दवाखान्यात फिरवलं."

मामा छताचे पत्रे मोजू लागले.

"बाबा, हात खाली घ्या," शिवकन्या म्हणाली आणि उठली. स्वयंपाकघराच्या दारातून तिनं मागं वळून विचारलं, "मामा, तुमच्या चहात साखर घालू? का आधी तपासून येताव?"