वायजवळचा पी

बाहेरगावचे परीक्षक एकेकाला आत बोलावून फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन सोडवायला लावत होते. आम्ही बाकीचे व्हरांड्यात उभे. पुढचा नंबर माझा, म्हणून आकांक्षाने माझा हात धरला.

"काकू, काहून घाबरून राहिल्या? तुमाला तर सगळं पाठ हाय."

"त्याचंच भ्या वाटतंय गं."

वर्गात सगळी लेकरं मला काकूच म्हणतात. माझी पदवीची मुदत यंदा संपते. आज नापास झाले की पुन्हा पहिल्यापासून. या वयात डोंगरकडा गावाहून कॉलेजला जायला घरच्यांनी एकदा हसून सोडलं. दुसऱ्यांदा नुसते हसतील.

"नीलाबाई."

आत गेले. आमचे हरीश सर खिडकीशी उभे होते, स्वतःच्या बुटांकडे बघत. परीक्षकांनी फळ्यावर लिहिलं: एक्स गुणिले डीवाय बाय डीएक्स, अधिक दोन वाय, बराबर एक्स वर्ग.

"सोडवा."

हरीश सर गणित घालायचे ते नेहमी डीवाय बाय डीएक्स मोकळं ठेवून. वायला चिकटलेलं जे असेल ते पी. त्याचं इंटिग्रेशन ईच्या डोक्यावर चढवायचं आणि त्याने सगळ्याला गुणायचं. हे आम्ही आरतीसारखं पाठ केलेलं. इथे वायजवळ दोन होता. मी दोनला पी केलं.

मग गणित वाढतच गेलं. एक इंटिग्रेशन संपवावं तर त्याच्या पोटातून दुसरं निघे. फळा भरत आला. परीक्षक रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी उत्तर निघालं, शेपटीला नेहमीचा स्थिरांक सी.

"आता पडताळा घ्या," ते म्हणाले. "सी शून्य धरा, एक्सही शून्य धरा."

धरलं. डावीकडे अर्धा आला, उजवीकडे शून्य. हातातला खडू मोडला. संपलं, असंच वाटलं. घरच्यांचं हसू कानात यायला लागलं. नजर वर पहिल्या ओळीवर गेली, आणि डीवाय बाय डीएक्सच्या पुढ्यात तो एक्स दिसला. मघापासून तिथेच होता बिचारा. आधी त्याने सगळ्याला भागायला हवं होतं.

"सर, पुसू का?"

"फळा तुमचा आहे."

डस्टर कुठे होतं देव जाणे, मी पदरानेच पुसलं. भागलं. पी झाला दोन बाय एक्स, गुणायचा घटक झाला एक्स वर्ग, आणि ते एवढं लांबलेलं गणित चार ओळींत आटोपलं. एक्स वर्ग बाय चार, अधिक सी बाय एक्स वर्ग. पडताळा न सांगताच घेतला. दोन्ही बाजू जुळल्या.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "पास होण्यापुरतं झालं. बसा... म्हणजे, जा."

हरीश सरांनी बुटांवरून नजर काढली.

बाहेर आले. तेवढ्यात आतून आकांक्षाचं नाव आलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला.

"काकू, मला काहीच आठवून न्हाई राहिलं."

माझा खडूने माखलेला पदर तिने घट्ट धरलेला. तो हळूच सोडवून घेतला.

"आधी भाग दे," मी म्हणाले. "मग घाबर."